धूर कुणाचा?

वाघोलीहून नगरच्या दिशेने निघालं की ढाब्यांच्या पाट्या सुरू होतात: ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. माझ्या आजीने अशी एक पाटी वाचून विचारलं होतं, “यांच्याकडं गॅस न्हाई व्हय?” तिचा जन्म चुलीपुढे डोळे चोळण्यात गेला. दूध धुरकटलं की ती दिवसभर हळहळायची.

तिचा प्रश्न परवा एका ब्रूपबमध्ये आठवला. समोर ‘स्मोक्ड बर्बन स्टाउट’ होती. पहिल्या घोटाला करपलेलं लाकूड, मग व्हॅनिला, मग थेट व्हिस्की. बिअर शेवटपर्यंत सापडली नाही.

मुळात बिअरमध्ये धूर आला कसा? बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग वाळवतात. पूर्वी वाळवायला लाकडाची आग असे, त्यामुळे युरोपात बिअरला धुराचा वास यायचाच. तो कुणी मागितलेला नव्हता. धूर बाजूला ठेवून नुसती उष्णता देणाऱ्या भट्ट्या आल्या, तसा बहुतेकांनी तो सोडून दिला. जर्मनीतल्या बाम्बर्गमध्ये मात्र श्लेंकेर्ला आणि श्पेझियाल या दोन ब्रुअरींनी बीचच्या लाकडावर माल्ट वाळवणं चालू ठेवलं. तिथे धूर दाण्यात शिरतो आणि शेवटपर्यंत दाण्याबरोबरच राहतो.

बर्बनचंही तसंच. अमेरिकी नियमानुसार ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा चालत नाही, म्हणून ते विकायला निघतं. शिकागोच्या गूज आयलंडने १९९० च्या दशकात अशा पिंपांत स्टाउट मुरवली. घरी बिअर करणाऱ्यांना पिंप ठेवायला जागा नसते. ते ओकचे तुकडे बर्बनमध्ये भिजवतात आणि वीसेक लिटर बिअरमध्ये टाकतात. तुकडे जास्त झाले की बिअर फर्निचरसारखी लागते. मित्र शिव्या देतात, पुढच्या वेळी तुकडे कमी होतात.

अमेरिकेत या उद्योगाला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. त्यामुळे शिव्या देणारे मित्र आपल्याकडे तयारच झाले नाहीत. आपण मेनूकार्डावरची विशेषणं पितो आणि मान डोलावतो.

खरं तर उदाहरण शेजारीच आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पारंपरिक भट्टीखाली लाकूडच जळतं, पण फेणी ओळखायची ती बोंडांच्या वासावरून. लाकूड आपलं काम करून बाजूला होतं. ब्रूपबमधल्या त्या ग्लासातला धूर रिलीजच्या आदल्या रात्री चिकटवलेल्या फीचरसारखा होता: डेमोत दिसतो, वापरात नडतो.

माझी तक्रार धुराबद्दल नाही. मला तो आवडतो. पण आवडतो, कारण मला कधी चूल फुंकावी लागली नाही. जो धूर नको म्हणून लोकांनी भट्ट्या बदलल्या, आजीने गॅस घेतला, तोच आता जास्तीचे पैसे देऊन मागवायचा असेल, तर निदान तो कुठून आला एवढं तरी चवीत कळायला हवं.

पुढच्या वेळी नगर रोडला मटण मागवण्याआधी मी आत डोकावणार आहे. चुलीपुढे कोण बसलंय, ते बघायला.