‘ॲडव्हेंचर’ची रूपांतरे : एक परीक्षण

संगणकाच्या एखाद्या जुन्या आज्ञावलीची संहिता एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे हे काम सामान्यतः कारागिरीत जमा केले जाते. निष्पत्ती तीच आली की रूपांतर बरोबर ठरते आणि चर्चा तेथेच थांबते. ‘ॲडव्हेंचर’ या खेळाची संहिता तपासली असता ही कसोटी अपुरी असल्याचे दिसून येते.

विल क्रौदर यांनी हा खेळ १९७५-७६ च्या सुमारास अमेरिकेत पीडीपी-१० या यंत्रावर फॉर्ट्रान भाषेत लिहिला. केंटकीमधील मॅमथ गुहांचा त्यांनी स्वतः हिंडून पाहिलेला एक भाग त्यात वर्णिला आहे. खेळणाऱ्याने एकदोन शब्दांची आज्ञा टंकावी आणि यंत्राने पुढील स्थळाचे वर्णन द्यावे, असा हा क्रम. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्याचा विस्तार केला व पुढील रूपांतरे बहुतेक या विस्तारावरूनच झाली. त्यांपैकी डोनाल्ड नूथ यांचे १९९८ चे आणि एरिक रेमंड यांचे २०१७ चे, अशा दोन सी-रूपांतरांचाच येथे विचार केला आहे. (रेमंड यांच्यापुढे वुड्स यांची १९९५ ची वाढीव आवृत्ती होती, हे ध्यानात ठेवावे.)

पीडीपी-१० च्या स्मृतीतील एका घरात ३६ बिटे मावत. एका रोमन अक्षराला ७ बिटे, म्हणून एका घरात पाच अक्षरे. त्या काळच्या फॉर्ट्रानमध्ये मजकुरासाठी वेगळा प्रकार नसल्यामुळे शब्द पूर्णांकाच्याच घरात कोंबावा लागे. परिणामी हा खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच पाहतो. ‘नॉर्थईस्ट’ टंकले तर रोमन लिपीत त्याचे ‘नॉर्थ’ एवढेच उरते. म्हणून दोन अक्षरी संक्षेप वापरावा, अशी सूचना खेळाच्या प्रास्ताविकातच दिलेली आहे. यंत्राची मर्यादा येथे निवेदनाच्या वाक्यात उतरली आहे. सी भाषेला ही मर्यादा नाही. रूपांतरकाराने ती काढली तर वाक्य खोटे पडते. वाक्य काढले तर संहिता बदलते. नूथ यांनी प्रत्येक शब्दासाठी सहा जागा राखल्या, पाच अक्षरांच्या आणि एक समाप्तिचिन्हाची. यंत्राची सक्ती नसताना जाणूनबुजून स्वीकारलेले हे बंधन आहे, आणि आमच्या मते ते सर्वस्वी योग्य आहे.

खरी परीक्षा प्रवासकोष्टकात होते. ५०००५ ही संख्या घ्या. वुड्स यांच्या संकेतानुसार हजारांचा भाग ही अट आणि उरलेला भाग हे गंतव्य, म्हणजे ‘शंभरात पन्नास वेळा स्थळ ५ कडे जा’. हजारांचा भाग १०० ते २०० यांच्या दरम्यान असेल तर मात्र तो संभाव्यता सांगत नाही. विशिष्ट वस्तू हाती असावी, असे तो सांगतो. गंतव्य ३०० च्या पुढे गेले की विशेष कृती, ५०० च्या पुढे गेले की केवळ संदेश. मराठीतील ‘जातो’ या रूपाच्या अंत्य ‘-तो’ मध्ये काळ, लिंग आणि वचन जसे एकवटतात, तसाच हा संकर आहे. नूथ यांनी अट व गंतव्य वेगळी केली, पण अटीचे अंक तसेच ठेवले. रेमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सारे कोष्टक यॅमल या स्वरूपात नेऊन अंकांच्या जागी शब्द घातले. नवख्या वाचकाला याने मोठाच लाभ झाला, यात शंका नाही. आज्ञावली चालती ठेवणाऱ्यास तर हेच हवे. तथापि जे तयार झाले ते मूळ संहितेवरील भाष्य होय. रेमंड यांनी जुने दर्शनी रूप पुन्हा आणण्याचा पर्यायही ठेवला आहे. परंतु त्याने पडद्यावरचे रूप परत येते, आतील रचना नव्हे. ‘गोटू’च्या उड्यांविषयीही हाच भेद : नूथ यांनी त्या ठिकठिकाणी ठेवल्या, रेमंड यांच्या गटाने त्या उपटून काढण्याचा कटाक्ष बाळगला.

हा वाद केवळ शैलीचा नाही. गुहा क्रौदर यांची आणि अद्भुतरस वुड्स यांचा, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. २००७ मध्ये डेनिस जर्झ यांनी क्रौदर यांची मूळ फॉर्ट्रान संहिता प्रसिद्ध केली; ती वुड्स यांच्या स्टॅनफर्डमधील विद्यार्थिदशेतील खात्याच्या जुन्या प्रतीत सापडली होती. बुटके, कुऱ्हाड आणि जादूचे शब्द तिच्यात आधीपासूनच होते. वुड्स यांच्या विस्तारावर उभ्या असलेल्या कोणत्याही रूपांतरातून हे कळणे शक्य नव्हते, नूथ यांच्याही नाही.