ध्वनिमुद्रिकांचीं वेष्टनें : चित्र कीं साधन ?

जुन्या कागदाचें मोल त्यावरील अक्षर वळणदार आहे कीं नाहीं यावरून ठरत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांविषयीं जें लेखन अलीकडे आमच्या वाचनांत आलें, त्यांत या साध्या नियमाचा विसर पडलेला दिसतो. वेष्टन चौकटींत बसवून भिंतीवर टांगावयाचें, आंतील तबकडी वेगळी काढावयाची, आणि या उद्योगास कलासंग्रह म्हणावयाचें, अशी ही रीति आहे.

वेष्टन ही चित्रकलेची वस्तु होऊं शकते याविषयीं आम्हांस संशय नाहीं. पूर्वीं अमेरिकेंत तबकड्यांचे संच करड्या किंवा तपकिरी पुठ्ठ्यांत बांधून विकीत. पाठीवर नांव असे, तेवढेंच. १९३९ मध्यें कोलंबिया कंपनीनें अॅलेक्स स्टाइनवाइस या तरुणास नेमलें. त्यानें १९४० मध्यें रॉजर्स व हार्ट या जोडीच्या गीतसंचास नाटकगृहाच्या दर्शनी पाटीचें चित्र दिलें, आणि सचित्र वेष्टनाची परंपरा बहुधा तेथूनच मोजतात. पुढें १९४८ मध्यें मिनिटास ३३⅓ फेऱ्या घेणारी बारा इंची तबकडी आली व फूटभर लांबीरुंदीचा चौकोन चित्रकाराच्या हातीं लागला.

त्या चौकोनाचा उत्तम उपयोग पाहावयाचा तर न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझ संगीताच्या कंपनीचीं वेष्टनें पाहावीं. मूळचे बर्लिनचे आल्फ्रेड लायन व फ्रान्सिस वुल्फ हे मित्र तिचे चालक. ध्वनिमुद्रण चालू असतां वुल्फ वादकांचीं छायाचित्रें घेई. १९५६ पासून सुमारें दहा वर्षें रीड माइल्स तीं निर्दयपणें कापून, पुष्कळदां काळ्याखेरीज एखादाच रंग वापरून, अक्षरांशीं त्यांची सांगड घाली. जॅकी मॅक्लीन यांच्या 'इट्स टाइम' या तबकडीवर उद्गारचिन्हांच्या ओळींमागून ओळी आहेत, वादकाचें चित्र मात्र लहानसें. जो हेंडरसन यांच्या 'इन एन् आउट' वर शीर्षकाचीं अक्षरेंच बाण होऊन आंतबाहेर धांवतात. दोन्ही ध्वनिमुद्रणें १९६४ चीं. अलंकार मोजके असले म्हणजे अर्थ कसा उठून दिसतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हीं मुद्रणकलेंत क्वचितच पाहिलें आहे.

मात्र या वेष्टनांत वादकाचे सूरच उतरले आहेत असें जे छातीठोकपणें लिहितात, त्यांनीं थोडें थांबावें. माइल्स यास जॅझची गोडी नव्हती. त्याचा ओढा पाश्चात्य अभिजात संगीताकडे. ध्वनिमुद्रणाचें वर्णन लायन करी व त्यावरून हा मांडणी करी. शिवाय सर्व श्रेय एकट्या माइल्सच्या पदरीं टाकणें हाहि अन्याय आहे. वुल्फचीं छायाचित्रें नसतीं तर त्यास कापावयास काय होतें ? आणि त्याच्या आधीं पॉल बेकन व जॉन हर्मान्सेडर यांनीं याच कंपनीसाठीं केलेलें काम चित्रसंग्राहक सहसा वाचीतच नाहींत.

यापेक्षां मोठा दोष निराळा. भिंतीवर टांगलेल्या वेष्टनाची पाठ भिंतीकडे जाते. त्या पाठीवर वादकांचीं व वाद्यांचीं नांवें, निवेदन, आणि कंपनीचा पत्ता छापलेला असतो: प्रथम ७६७ लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३ वा रस्ता, पुढें ४३ वेस्ट ६१ वा रस्ता. पोथीच्या अखेरीस पुष्पिका जें सांगते तेंच हें. तथापि केवळ पत्त्यावरहि भिस्त ठेवतां येत नाहीं. १९६६ मध्यें कंपनी लिबर्टीस विकली गेली, तेव्हां शिल्लक असलेल्या जुन्या वेष्टनांत नव्या तबकड्या घालून विकल्या गेल्या. त्या ओळखावयाच्या तर तबकडीच हातीं हवी. चकतीभोंवतींच्या गुळगुळीत पट्ट्यांत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर याची खूण असते. आणि १९६६ पर्यंत ज्या प्लॅस्टिलाइट कारखान्यांत तबकड्या दाबल्या जात, त्याचें कानासारखें दिसणारें एक वळणदार अक्षर तेथें कोरलेलें आढळतें. पत्ता जुना व कान नाहीं, तर तबकडी मागाहूनची. वेष्टन एकाच्या भिंतीवर व तबकडी दुसऱ्याच्या कपाटांत गेली कीं हा ताळा पुन्हां घेतां येत नाहीं.

रसास्वादास आमची हरकत नाहीं. चित्र सुंदर आहे, पाहणारानें खुशाल पाहावें. पण किंमत 'पहिल्या छापाची' घ्यावयाची आणि छापाचा पुरावा स्वतःच मोडावयाचा, हें कसें?

आमच्याकडे याहून वाईट स्थिति आहे. बालगंधर्वांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुधा साध्या कागदी पिशवींत मिळत. मधल्या वाटोळ्या छिद्रांतून चकतीवरील नांव वाचतां येई. कित्येक पिशव्यांवर विकणाऱ्या दुकानदाराचें नांव व गांव छापलेलें असे. कोणतें गाणें कोणत्या गांवीं पोंचलें याचा हा दाखला. पण चित्र नाहीं म्हणून त्या पिशव्या कोणी चौकटींत घातल्या नाहींत, आणि फाटक्या म्हणून फेंकून मात्र दिल्या. ज्यांच्या घरीं अद्याप त्या असतील, त्यांनीं पिशवी बदलण्यापूर्वीं तिच्यावरील मजकूर व आंतील तबकडीचा क्रमांक एका ओळींत टिपून ठेवावा, व त्याची एक नक्कल मंडळाकडे धाडावी.