वरचा सा आणि बाकीचे सूर

पुस्तकाचे परीक्षण करावे तसे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. कार्यक्रम संपला की तो विरला, असे आपण धरून चालतो. तथापि काही कार्यक्रम विरत नाहीत. ते घरातल्या बोलण्यात उरतात, मुलांच्या महत्त्वाकांक्षेत उतरतात आणि कालांतराने देवळातल्या गायनवृंदापर्यंतही येऊन पोहोचतात. झी मराठी वाहिनीवर जुलै २००८ मध्ये सुरू होऊन ८ फेब्रुवारी २००९ रोजी संपलेले ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ हे बालगायकांचे पर्व अशा कार्यक्रमांपैकी होय. त्याला आता एका तपाहून अधिक काळ लोटला आहे. कौतुकाचा पहिला भर ओसरल्यानंतरच एखाद्या कृतीचे मोजमाप नीट करता येते, म्हणून हा विषय आम्ही आज हाती घेत आहोत.

गाण्याची स्पर्धा दूरचित्रवाणीवर त्यापूर्वीही होतीच. झी टीव्हीवर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झाले तेव्हा सूत्रसंचालक सोनू निगम होता आणि निकाल जाणकार परीक्षकांच्या हाती होता. पुढे ‘इंडियन आयडॉल’ आले. त्याच्या पहिल्या पर्वात, २००५ साली, मुंबईचा अभिजीत सावंत विजयी झाला, तो प्रेक्षकांच्या मतांवर. या दहा वर्षांत घडलेला बदल लहान नव्हता. गाणे ऐकणारा माणूस आता मतदार झाला होता. मराठीतील ‘सा रे ग म प’ या दोन्ही वाटांच्या संगमावर उभे राहिले. परीक्षकांचे गुणही होते आणि भ्रमणध्वनीवरून पाठवायचे लघुसंदेशही होते. लिटल चॅम्प्सच्या पर्वात परीक्षकांच्या आसनावर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत होते, तर सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे होते.

अंतिम फेरीत पाच मुले आली आणि ही पाचही मुले पाच वेगवेगळ्या अंगणांतून आली, हे त्या पर्वाचे खरे भाग्य. आळंदीची कार्तिकी गायकवाड वारकरी गाण्याच्या घरात वाढलेली. वडील कल्याणजी गायकवाड हेच तिचे गुरू, आणि गवळण म्हणताना तिचा आवाज मोकळ्या माळावर सुटल्यासारखा सुटे. रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे अभंग आणि नाट्यपद अशा समजुतीने गाई की त्याच्या वयाचा विसर पडावा. पुण्याची आर्या आंबेकर हिच्या मातोश्री शास्त्रीय गायिका. तिच्या गाण्यात सुराची तालीम आणि भावगीताचा हळुवारपणा एकत्र नांदत. लातूरचा रोहित राऊत नव्या चित्रपटगीतांत आणि जोशपूर्ण ठेक्यात रमणारा. अलिबागची मुग्धा वैशंपायन या पाचांत सर्वांत लहान. तिला ‘लिटल मॉनिटर’ हे नाव पडले आणि महाराष्ट्रभर तेच रूढ झाले.

या पर्वाचे पहिले श्रेय निवडीचे आहे. अभंग, गवळण, नाट्यसंगीत, भावगीत, लोकगीत आणि जुनी चित्रपटगीते यांचा एवढा मोठा संचय मुलांच्या तोंडून महिनोन्महिने ऐकू आला. आजीला ठाऊक असलेले गाणे नातवाला ठाऊक झाले, आणि तेही कोणी शिकवण्याचा आव न आणता. भाषेच्या दृष्टीनेही हे काम मोलाचे होते. जुन्या पदांतील शब्द उच्चारताना ‘च’ आणि ‘ज’ यांची मराठी जात सांभाळावी लागते, जोडाक्षर मोडून चालत नाही. मराठी शाळांतील पट उतरणीला लागलेला असताना आठ ते चौदा वर्षांची मुले हे शब्द स्वच्छ उच्चारीत होती, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसरे श्रेय वादकांचे. कमलेश भडकमकर यांच्या संगीत संयोजनाखाली सत्यजित प्रभू, नीलेश परब, अमर ओक यांच्यासारखे वादक मुलांना प्रत्यक्ष साथ करीत होते. हा तपशील वरवर तांत्रिक वाटेल, पण तो मर्माचा आहे. मुलाचा श्वास अर्ध्यावर संपला तर ढोलकीवाला क्षणभर सांभाळून घेतो, बासरीवाला पुढचा सूर हळूच कानात टाकतो. जिवंत साथ म्हणजे गाणाऱ्याचे ऐकणारी साथ. आज गावोगावच्या कार्यक्रमांतून मुले ध्वनिमुद्रित साथीवर गातात. ती साथ कोणासाठी थांबत नाही. मूल चुकले तरी ती आपल्या वेगाने पुढे जाते, आणि मूल गाणे सोडून तिच्यामागे धावू लागते. लिटल चॅम्प्समधील मुले गाताना निर्धास्त दिसत, त्यामागे या वादकांचा वाटा होता.

तिसरे श्रेय घराला द्यावे लागेल. आमच्या मानकोलीसारख्या, महामार्गाच्या नाक्यावर गोदामांनी वेढलेल्या गावात पाळीची कामे करणारी माणसे एका वेळी घरी सापडणे कठीण. तरीही त्या दिवसांत या कार्यक्रमाच्या वेळी घरे एका पडद्यापुढे जमत. शेजारधर्म जागा होई, कोणी काय बरे गायले यावर दुसऱ्या दिवशी नाक्यावर चर्चा होई. आता तेच गाणे ज्याच्या त्याच्या हातातील फोनवर तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि एकाच घरातील चार माणसे चार गाणी ऐकतात. एकत्र ऐकणे ही घरगुती साधनाच आहे. त्या पर्वाने ती काही महिने मराठी घरांकडून करवून घेतली.

एवढे गुण मान्य केल्यावर दोषाकडे वळणे आम्हाला सोपे जाते. परीक्षक गाण्याला सरगमातील सुरांनी गुण देत. ‘ध’ मिळाला तर बरे, ‘नी’ मिळाला तर उत्तम, आणि ‘वरचा सा’ मिळाला म्हणजे धन्य. कल्पना चतुर होती, श्रवणीयही होती. परंतु तिच्या पोटात एक विपरीत समज दडलेली होती. संगीतात ‘ध’ हा ‘सा’पेक्षा हलका नसतो. प्रत्येक सुराला आपले स्थान असते, आणि रागात कोणता सूर मोठा हे त्या रागाने ठरते. सुरांची ही पंगत जिन्याच्या पायऱ्यांत बदलली की मुलाच्या मनात गाण्याचे रूपही बदलते. गाणे रंगले की नाही यापेक्षा कितव्या पायरीवर पोहोचले, हा प्रश्न त्याला मोठा वाटू लागतो.

पाच मुलांच्या पाच वाटा लक्षात घेतल्या म्हणजे हा दोष अधिक स्पष्ट होतो. गवळणीचा मोकळा आवाज आणि भावगीताचा मिटलेला आवाज यांना एका तराजूत कसे तोलावे? नाट्यपदातील तानेची सफाई आणि नव्या गीतातील ठेक्याची मस्ती यांत कमी-अधिक कोणी ठरवावे? ज्वारी आणि तांदूळ दोन्ही किलोने मोजता येतात, म्हणून काही त्यांची चव एक होत नाही. अखेरीस कार्तिकी विजयी झाली. आर्याच हक्काची विजेती होती, असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि हा वाद घराघरांत रंगला. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या प्रश्नाला उत्तर देत होते. कार्तिकीच्या विजयाने एक गोष्ट मात्र निश्चित सांगितली. अभंग-गवळणीच्या परंपरेतून आलेला आवाज आजही मराठी माणसाला आपला वाटतो. ही माहिती ऐकणाऱ्या समाजाविषयीची आहे. इतर चार गळ्यांविषयी तीतून काहीच सिद्ध होत नाही.

मतदानाचाही विचार केला पाहिजे. नेहमीच्या दरापेक्षा महाग असा लघुसंदेश पाठवून आपल्या आवडत्या मुलाला ‘वाचवायचे’, ही श्रोत्यावर सोपवलेली कामगिरी. त्यात आपल्या गावचा, आपल्या जिल्ह्याचा, आपल्या जातीचा गायक असा विचार शिरण्यास मोकळे दार होते. ऐकण्याने मन रुंदावते. मतदानाने ते पक्षात बसते. ज्या घराला प्रथमेशचा अभंग आणि रोहितचे गीत दोन्ही आवडत होते, त्या घराला कोणा एकाची बाजू घ्यावी लागली, ही गोष्ट आम्हाला खेदाची वाटते.

मुलांच्या मनावरचा भार हा वेगळा मुद्दा. स्पर्धेतून बाहेर पडणाऱ्या मुलाचे अश्रू पडद्यावर जवळून दाखवणे, ही अशा कार्यक्रमांची रीत होऊन बसली. त्या काळी बालकलावंतांच्या कामाच्या तासांवर आजच्यासारखे नियमांचे बंधन नव्हते. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलावंताचे काम दिवसाला पाच तासांपर्यंत, आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपर्यंतच, मर्यादित केले. मुलाच्या उत्पन्नातील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचे बंधनही आले. कायद्याने तास मोजले, पैसा राखला. पण पराभवाचे दुःख हलके करण्याचे काम कायद्याचे नव्हे. ते घराचे आणि गुरूचे आहे.

या सर्वांवर काळाने आपला निकाल दिला आहे, आणि तो परीक्षकांच्या निकालाहून सुज्ञ आहे. त्या पाच मुलांना लोकांनी ‘पंचरत्न’ म्हटले आणि पाचांची नावे एका दमात घेण्याची सवय लावून घेतली. पुढे आर्या ‘ती सध्या काय करते’ या २०१७ च्या चित्रपटात झळकली. रोहितने ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरी गाठली. २०२१ साली लिटल चॅम्प्सचे नवे पर्व आले, तेव्हा ही पाचही मुले, आता तरुण झालेली, परीक्षकांच्या जागी एका ओळीत बसली. २०२३ च्या डिसेंबरात प्रथमेश आणि मुग्धा यांचा विवाह झाला, तेव्हा महाराष्ट्राला घरचेच कार्य वाटले. कोणाचा क्रमांक कितवा होता, हे आज किती जणांना आठवते? लोकांच्या स्मरणशक्तीने क्रमांक पुसून टाकले आणि गाणी ठेवली. स्पर्धा जे वेगळे करू पाहत होती, ते श्रोत्यांच्या मायेने पुन्हा एकत्र बांधले.

याचा आपल्या धर्मग्रामांशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. आपल्या परिसराचे मूळ गाणे विजेत्याचे गाणे नव्हते. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, ती विधीचा भाग म्हणून. तिला कोणी गुण देत नाही. ठाणे-मुंबई पट्ट्यातील ईस्ट इंडियन लग्नांत उंबराचे पाणी आणण्यास निघालेल्या बायका घुमटाच्या नादावर गातात, त्यांत जिचा सूर हलतो तीही असते आणि तिच्यावाचून मेळा अपुरा वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले. ओवी ही जात्यावर आणि पारावर साऱ्यांनी म्हणायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात गायनवृंदांची जोपासना सांगितली आणि त्याबरोबरच सगळ्या भाविकांनी गाण्यात सहभागी व्हावे, लोकगायन जपावे, आणि प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान मिळावा, असाही आग्रह धरला. या दृष्टीने पाहता मिस्सेला आलेला प्रत्येक माणूस गाणारा आहे. श्रोता म्हणून तेथे कोणी आलेलेच नसते.

आज मात्र पुष्कळ धर्मग्रामांत निराळे चित्र दिसते. नाताळच्या कार्यक्रमात एकट्याने गाण्यासाठी मुलांची रांग लागते आणि रविवारच्या गायनवृंदात चार आवाजही जमत नाहीत. ‘माझा आवाज चांगला नाही’ असे सात-आठ वर्षांचे मूल आपल्या तोंडाने सांगते. या वाक्यात पडद्यावरच्या स्पर्धेचा प्रतिध्वनी आम्हाला ऐकू येतो. वृंदात गाणे ही वेगळी विद्या आहे. शेजारच्याचा आवाज ऐकून आपला आवाज कमी करायचा, दुसऱ्याचा श्वास संपतो तेथे आपला पुरवायचा, आणि शेवटी कोणता आवाज कोणाचा हे कळू नये इतके मिसळून जायचे. या विद्येला त्या कार्यक्रमात गुणांचा रकाना नव्हता. म्हणून ती विद्या लहान ठरत नाही.

लिटल चॅम्प्सचा आम्ही धिक्कार करीत नाही. त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या पदांचा संचय घ्यावा, शब्दांची स्वच्छता घ्यावी, जिवंत साथीचा आग्रह धरावा. पेटी, तबला, घुमट वाजवणारा एक जरी हात धर्मग्रामात असेल तर ध्वनिमुद्रित साथ बाजूला ठेवावी. मुलांचा कार्यक्रम करायचा तर क्रमांकाऐवजी प्रत्येकाला एक नवे गाणे शिकवून करावा, आणि जो एकट्याने उत्तम गातो त्याच्यावर दोन अडखळणाऱ्या मुलांना बरोबर घेण्याची जबाबदारी द्यावी. पालकांनीही घरी परतताना ‘कितवा आलास?’ हा प्रश्न गिळावा आणि ‘काय गायलास, म्हणून दाखव’ असे म्हणावे.

वरचा सा सुंदर आहे, यात संशय नाही. पण सप्तक भरते ते मधल्या सहा सुरांनी. ते सूर आपल्या बाकांवर बसलेले आहेत, त्यांना गाऊ देणे आपल्या हाती आहे.