शिंगी कमान, वेळूचा कमठा आणि नवें धनुष्य : एक परीक्षण

जुन्या तऱ्हेचीं धनुष्यें आणि हल्लींचीं वक्राग्र धनुष्यें यांची तुलना करण्याची प्रवृत्ति अलीकडे बरीच वाढली आहे. शस्त्रसंग्रह करणारे गृहस्थ ती करितात, व छंद म्हणून धनुर्विद्या शिकणारेहि करितात. या तुलनेंत सामान्यतः एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो. तो असा कीं, टोंकें पुढें वळलेलें जुनें धनुष्य आणि टोंकें पुढें वळलेलें नवें धनुष्य हीं एकाच वस्तूचीं दोन वयें आहेत. साहित्य तेवढें सुधारलें. हा सिद्धान्त उत्तर कोंकणाच्या पुराव्यावर, विशेषतः विरार-वसईच्या टापूंत मिळणाऱ्या व त्यास लागू पडणाऱ्या साधनांवर, घांसून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आमच्या मतें तो टिकत नाहीं. आणि तो न टिकण्याचीं कारणें संग्राहकांच्या नित्याच्या उपयोगाचीं आहेत.

प्रथम ग्रंथांचा पुरावा. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, आयुधागाराच्या प्रकरणीं, धनुष्याचें साहित्य चार प्रकारचें सांगितलें आहे : ताल, चाप म्हणजे वेळू, दारु आणि शृंग. म्हणजे शिंगाचें धनुष्य आणि वेळूचें धनुष्य हीं एकामागून एक आलेलीं नसून एकाच शस्त्रागारांत शेजारीं शेजारीं नांदत होतीं. वसिष्ठाच्या नांवावर चालणारी धनुर्वेदसंहिता आजच्या रूपांत पुष्कळ उत्तरकालीन आहे. तथापि तिच्यांतील विभागणी फार बोलकी आहे. हत्तीवर व घोड्यावर बसणाऱ्यास शार्ङ्ग, आणि रथी व पदाति यांस वेळूचें, असें ती सांगते. मापेंहि निराळीं देते : सामान्य धनुष्य चार हातांचें, म्हणजे ९६ अंगुळें, मनुष्याच्या उपयोगाचें शार्ङ्ग साडेसहा वितींचें, म्हणजे ७८ अंगुळें. हात १८ इंचांचा धरिल्यास पहिलें ७२ इंच व दुसरें साडेअठ्ठावन इंच होतें. स्वाराला आंखूड धनुष्य लागतें, कारण लांब धनुष्य घोड्याच्या मानेवरून या बाजूचें त्या बाजूस फिरवितां येत नाहीं; पायदळास ही अडचण नाहीं. तेव्हां मापांतील हा भेद कालाचा नसून कामाचा आहे.

हल्लीं स्पर्धेंत वापरावयाचें वक्राग्र धनुष्य बहुधा ६६ ते ७० इंचांचें असतें. मापाचीच तुलना करावयाची तर तें स्वाराच्या शार्ङ्गापेक्षां पायदळाच्या वेळूच्या धनुष्यास अधिक जवळ आहे. आकार एकाचा व माप दुसऱ्याचें, असें हें मिश्रण असतां त्यास एकट्या शिंगी कमानीचा वारस ठरविणें घाईचें होय.

आतां घडणीकडे वळूं. शिंगी कमानीचा गाभा लाकडाचा असतो. तिरंदाजाकडील अंगास शिंगाची पट्टी व लक्ष्याकडील अंगास जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसानें बसविलेले असतात. शिंग दाब सोसतें, स्नायु ताण सोसतो. लाकूड दोहोंस जागेवर ठेवितें. नव्या धनुष्यांत हीच तत्त्वयोजना कांचतंतूंच्या किंवा कर्बतंतूंच्या पट्ट्यांनीं साधलेली आहे. येथवर वंशसंबंध खरा. परंतु फरक आहे तो हवेच्या सोसण्यांत. सरस व स्नायु हे दोन्ही ओल शोषतात. विरारच्या हवेंत, जेथें समुद्र पश्चिमेस लागूनच आहे आणि चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें अशी कमान जपून ठेवणें हेंच एक काम होऊन बसतें. देशावरील कोरड्या हवेंत जें शस्त्र स्वाराच्या खोगिरास लटके, तें येथें पेटींत व धुराजवळ ठेवावें लागलें असतें. कांचतंतूंना ही अडचण नाहीं. नव्या धनुष्याचा मोठा गुण म्हणून त्याच्या वेगाचें कौतुक होतें. कोंकणच्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण हा कीं, तें आषाढांत सुटत नाहीं.

हीच अडचण दूर करण्याचा एक प्रयत्न हिंदुस्थानांतच पूर्वीं होऊन गेला होता, याचा मात्र तुलना करणारांस विसर पडतो. पोलादी कमानी येथें घडल्या. त्यांचा आकार शिंगी कमानीचाच ठेवलेला होता, आणि त्यांपैकीं कित्येक मध्यभागीं पेंच घालून दोन तुकड्यांत सोडवितां येण्याजोग्या होत्या. त्या मार्‍यास शिंगी कमानीहून मंद. पण शस्त्रागारांत वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी बिघडत नसत. तुकड्यांत सुटणारें धनुष्य ही विसाव्या शतकाची कल्पना आहे, असें जें सांगण्यांत येतें, तें या नमुन्यांपुढें टिकत नाहीं.

उत्तर कोंकणांतील दृश्य पुरावा म्हणजे विरारच्या दक्षिणेस बोरीवलीजवळ एकसर येथें असलेले वीरगळ. त्यांवरील नौकायुद्ध सामान्यतः शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यांतील, १२६५ च्या सुमाराच्या, झुंजीचें मानितात. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत दिलेल्या वर्णनाप्रमाणें एका शिळेवर तरवार घेतलेले दोन स्वार एका तिरंदाजावर चाल करून येतात व तो पडतो. येथें तिरंदाज पायीं आहे आणि स्वाराच्या हातीं तरवार आहे, ही गोष्ट वरील ग्रंथोक्त विभागणीशीं ताडून पाहण्यासारखी आहे. परंतु एका शिळेवरून नियम बांधूं नये. शिवाय शिल्पांत दिसणाऱ्या वांकावरून धनुष्याचें साहित्य ठरविण्याची जी रूढि पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. लाकूड व वेळू शेकून वळवितां येतात. दुहेरी वांक दिसला कीं शिंगी कमान, हा तर्क लंगडा आहे.

लेखी साधनांविषयीं त्याहून अधिक सावधगिरी हवी. अठराव्या शतकांतील मराठी कागदांत ‘बाण’ हा शब्द पुष्कळ ठिकाणीं धनुष्यानें सोडावयाच्या शराचा वाचक नसून दारूच्या बाणाचा, म्हणजे अग्निबाणाचा, वाचक आहे. मोल्सवर्थच्या कोशांतहि दोन्ही अर्थ दिले आहेत. वसईची मोहीम १७३७ त सुरू होऊन १७३९ च्या मे महिन्यांत किल्ला चिमाजी अप्पांच्या स्वाधीन झाला. त्या मोहिमेचीं पुष्कळ पत्रें सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत (१९३०–३४) छापलेलीं आहेत. अशा पत्रांत ‘बाण’ दिसतांच मराठे त्या काळीं धनुष्यें वापरीत, असा निष्कर्ष काढणें धोक्याचें आहे. आमची कसोटी साधी आहे. शब्द तोफा, जेजाला, दारू यांच्या पंक्तीस असेल तर तो अग्निबाण समजावा. कमान, तीर, तर्कस, भाता यांच्या सोबतीस असेल तरच शर समजावा. ‘तिरंदाज’ या शब्दाविषयीं मात्र असा संशय सहसा राहत नाहीं. ‘कमान’ शब्दहि इमारतीच्या प्रकरणांत निराळा अर्थ देतो, हें सांगणें नकोच. ज्यांच्या दप्तरांत शस्त्रांच्या याद्या आहेत, त्यांनीं त्या या दृष्टीनें पुन्हां वाचाव्या.

आतां तुलनेंतून जें अजिबात वगळलें जातें, त्याकडे येऊं. विरारच्या पूर्वेस डोंगर चढूं लागला कीं वारली, कातकरी, मल्हार कोळी यांची वस्ती लागते. २०१४ पासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत मोडतो. वेळूचा तिरकमठा हें या रानांतील जुनें हत्यार. तसेंच खानदेश व सातपुड्याकडील भिल्लांचें. भिल्लांच्या कमठ्याची दोरी पुष्कळदां वेळूच्याच कामटीची असते, हें वाचून कित्येकांस आश्चर्य वाटतें व ती गरिबीची निशाणी वाटते. परंतु कौटिल्यानें प्रत्यंचेचीं जीं द्रव्यें मोजलीं आहेत, त्यांत मूर्वा, अर्क, शण, गवेधु व स्नायु यांच्याबरोबर वेणुहि स्पष्ट आहे. राजाच्या आयुधागारांतील वस्तु आज रानांत टिकून आहे. आणि तिला ‘पारंपरिक’ या सदरांत जागा न देतां कारखान्यांत घडलेल्या, लांकडी मुठीच्या, कांचतंतूंच्या धनुष्यास ती देण्यांत येते. हा न्याय उफराटा आहे.

या दोन जगांमधील रस्ता बंद नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. राजस्थानांतील आदिवासी कुटुंबांत वाढलेले लिंबाराम लहानपणीं वेळूचेंच धनुष्य वापरीत, व १९८८ सालीं सोल येथील ऑलिंपिक सामन्यांत नवें धनुष्य घेऊन उतरले. साताऱ्याकडील सरडे गांवचे प्रवीण जाधव हे २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होते. परंतु डोळा व हात जुने असले तरी क्रिया नवी शिकावी लागते. शिंगी कमान अंगठ्यानें, कडें घालून ओढीत. तीर धनुष्याच्या उजव्या अंगास राही. नवें धनुष्य तीन बोटांनीं ओढितात व तीर डाव्या अंगास असतो. जोराचाहि फरक आहे. स्पर्धेंतील पुरुषांच्या धनुष्याचा जोर साधारणतः ४५ ते ५० पौंड. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहांतील शिंगी कमानींचा जोर सरासरी ११० पौंडांच्या आसपास असावा, असा मापांवरून अंदाज केलेला आहे. एक शस्त्र चिलखत भेदण्यासाठीं, दुसरें ७० मीटरांवरील वर्तुळ पुन्हां पुन्हां गांठण्यासाठीं. खेळ म्हणून धनुर्विद्या मात्र नवी नाहीं : चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत शस्त्रविनोद हें राजाचें एक करमणुकीचें प्रकरणच आहे.

सारांश, नव्या धनुष्यानें शिंगी कमानीची तत्त्वयोजना घेतली, पायदळी धनुष्याची लांबी घेतली, आणि हेतु विनोदाचा घेतला. त्यास सुधारलेली जुनी कमान म्हणणें म्हणजे तीन वंशांचें खापर एकाच्या माथीं फोडणें होय.

यावरून संग्राहकांस आमची विनंति अशी. शिंगी कमान उतरलेली असतां उलट बाजूस वळते. हें न जाणून ती वळलेल्याच बाजूनें चढविण्याचा यत्न केला म्हणजे ती मोडते. म्हणून जुनी कमान कोणीहि चढवूं नये. अंगठ्याचें कडें अलंकारांत नोंदूं नये. लांबी, मुठीची जाडी, शिंगाचे सांधे, सरसाचे थर यांची नोंद ठेवावी. आणि सर्वांत निकडीचें : १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें शिकार बंद झाल्यापासून कमठा रोजच्या उपयोगांतून जात चालला आहे. शिंगी कमानी संग्रहालयांत राहतील. पण वेळू केव्हां तोडावा, किती दिवस वाळवावा, कोणत्या अंगानें वांकवावा, हें ज्ञान पोथींत नाहीं. विरारपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर तें सांगणारीं माणसें आहेत, तोंवर त्यांच्या तोंडून तें, त्यांच्याच शब्दांत, उतरून घ्यावें.