मसूर ते बडोदे : मधली न लिहिलेली पाने

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे इंग्रजी आत्मकथन १९९० साली पुस्तिकारूपाने आले. परदेशातल्या विद्यार्थिदशेबद्दल काही मिळेल म्हणून ते उघडणाऱ्याची निराशा होते. पहिल्या प्रकरणात १९०१ सालचे मसूर स्टेशन आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले, जात कळताच चेहरा बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही बैलगाडी मुलांनाच हाकायला लावून पायी चालणारा गाडीवान, रात्रभर न मिळालेले पाणी. दुसरे प्रकरण थेट बडोद्यात उघडते. मधल्या न्यूयॉर्क-लंडनबद्दल एवढेच, की तिकडच्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य असल्याची जाणीव पुसली गेली. (हिशेबाने ती चारच वर्षे, जुलै १९१३ ते ऑगस्ट १९१७. स्मरणातून लिहिताना असे होते.)

मला खटकते ते दुसरेच. कोलंबिया विद्यापीठात लिव्हिंग्स्टन हॉलमधले त्यांचे सहनिवासी नवल भथेना पारशी होते. ती मैत्री पुढेही टिकली. बडोद्यात मात्र पारशी नाव घेऊन धर्मशाळेत राहिलेल्या याच विद्वानाला अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी हुसकावले. पुस्तिकेत भथेना नाहीत. पारशांविषयीचा निष्कर्ष सौम्य होईल म्हणून गाळले? मला तसे वाटत नाही. परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावणे हा या लेखनाचा उघड हेतू. त्या वाचकाला त्याचेच न्यूयॉर्क काय सांगायचे? आम्हां सातारकरांना मात्र तेच हवे होते : जात न विचारता मिळालेली खोली, जेवणाचे टेबल, पाण्याचा पेला.