नाम, पत्ता आणि नामधारक : ‘आरएफसी २१३६’चे परीक्षण

संगणकांच्या जाळ्यात नाम स्थिर असते आणि पत्ता चंचल. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेल्या डोमेन नामव्यवस्थेने या दोहोंची सांगड घातली. परंतु नोंदींत फेरफार करण्याचे काम व्यवस्थापकाच्या हातीच राहिले. पुढे डीएचसीपीच्या योगे यंत्रांना मुदतीचे पत्ते मिळू लागले आणि हाताने राखलेली नामावली मागे पडू लागली. पॉल व्हिक्सी यांनी संपादिलेली ‘आरएफसी २१३६’ ही एप्रिल १९९७ मधील संहिता या अडचणीचे उत्तर होय.

संहितेचा मोठा गुण तिच्या पूर्वअटींत आहे. ‘हे नाम मोकळे असेल तरच या पत्त्यास जोडावे’, असे यंत्रास सर्व्हरला सांगता येते. अट पुरी झाली नाही तर काहीच बदलत नाही. झाली तर सर्व फेरफार एकत्रच अमलात येतात. अर्धवट नोंद मागे राहत नाही.

तथापि संहितेची विचारसरणी नाम व पत्ता या दोन पदांवरच उभी आहे. नाम धारण करणारे यंत्र, हे तिसरे पद तीत जवळजवळ अनुपस्थित आहे. तिचे दोन्ही दोष यातूनच उद्भवतात. नाम मोकळे आहे काय, हे ती विचारते. मागणारा कोण, हे पडताळण्याचे साधन तिच्यापाशी नाही. ही उणीव ती स्वतःच मान्य करते. स्वाक्षरीयुक्त फेरफारांची आजची पद्धती २००० साली ‘आरएफसी ३००७’ने घालून दिली, नामाशेजारी यंत्राच्या ओळखीची खूण ठेवण्याची सोय तर २००६ मध्ये ‘आरएफसी ४७०१’ने केली.

दुसरा दोष विसर्जनाचा. स्वतःची नोंद करणारे यंत्र अकस्मात बंद पडले, तर ती नोंद तशीच राहते. नोंदीसोबतचा ‘टीटीएल’ हा अवधी येथे उपयोगी पडत नाही. प्रत किती काळ जवळ बाळगावी एवढेच तो सांगतो, मूळ नोंदीचे आयुष्य ठरवीत नाही. दरम्यान तोच पत्ता दुसऱ्या यंत्रास मिळाला, म्हणजे जुन्या नामाने विचारणारा परक्याच्या दारी पोहोचतो. नोंद व्याकरणदृष्ट्या शुद्ध, पण अर्थदृष्ट्या असत्य ठरते.

नोंद अद्ययावत करणे आणि ती सत्य राखणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची उत्तम व्यवस्था या संहितेने लावली. दुसरीसाठी नामधारकाचा विचार अटळ होता, आणि उत्तरकालीन संहितांना तोच करावा लागला.