शून्य वाऱ्याची शर्यत

फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरवर लिहायला बसलेले बहुतेक जण तिच्या नखांपासून सुरुवात करतात. लांब रंगवलेली नखं, मोकळे केस, एकच पाय झाकणारा सूट. मी तिच्या कारकिर्दीत अडकतो ते एका आकड्यापाशी: ०.०.

१६ जुलै १९८८, इंडियानापोलिस. अमेरिकेची ऑलिम्पिक निवड चाचणी. १०० मीटरच्या उपांत्यपूर्व फेरीत ती १०.४९ सेकंदांत धावली. आधीचा विश्वविक्रम एव्हलिन ॲशफर्डचा, १०.७६. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. यंत्रानं दाखवला ०.०. त्याच सुमारास तिहेरी उडीच्या यंत्रावर ४.३ होते. पुढच्या शर्यतीतही ०.०, आणि तिसरीत एकदम ५.०!

कामात रोज सेन्सरचा डेटा बघणाऱ्याला अशी ओळ दिसली की संशय आधी सेन्सरवर जातो. 'वारा नव्हता' आणि 'वारा मोजलाच गेला नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण नोंदीत दोन्ही शून्यच दिसतात. वारा ५ ते ७च्या दरम्यान असावा, असा अंदाज पुढे एका अभ्यासात निघाला. विक्रम मात्र कायम राहिला.

तिचे चाहते हा १०.४९ जिवापाड जपतात, ते मला पटत नाही. तो गेला तर तिचं काय जातं? दुसऱ्याच दिवशी फायनलला, नियमात बसणाऱ्या १.२ वाऱ्यात, ती १०.६१ धावली. तोच विक्रम धरला असता तरी २०२१पर्यंत टिकला असता. सोल ऑलिम्पिकमधलं २०० मीटरचं २१.३४ तर आजवर कुणाला मोडता आलेलं नाही.

उत्तेजकांची कुजबुज होतीच. तिची एकही चाचणी पॉझिटिव्ह आली नाही. फेब्रुवारी १९८९मध्ये ती निवृत्त झाली, १९९८मध्ये ३८व्या वर्षी झोपेतच अपस्माराच्या झटक्यानं गेली. पण बाई इतकी जोरात पळूच कशी शकते, या प्रश्नाला खतपाणी घातलं ते याच १०.४९नं. साधं उत्तर त्या दिवशीच्या वाऱ्यात होतं.

नुकसान तिच्या एकटीचं नाही. २१ ऑगस्ट २०२१ला युजीनमध्ये जमैकाची एलेन थॉम्पसन-हेरा १०.५४ धावली, वारा ०.९. यादीत ती दुसरी आहे. तिच्या वरच्या ओळीत, वाऱ्याच्या रकान्यात, अजूनही ०.० लिहिलेलं आहे.